अव्वानं काय काय सोडलं

अव्वा, माझी आई, पडली ती पाण्याच्या दिवशी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्या दोन तासांत घरातलं माणूस माणसात नसतं. बादल्या, घागरी, पिंप, जे रिकामं दिसेल ते भरायचं. माझी कॉलेजला जायची वेळ झालेली. "तू जा, मी भरते की," अव्वा म्हणाली. त्र्याहत्तर वर्षांची बाई, आणि मी गेले! स्टाफरूममध्ये पर्स ठेवते न ठेवते तोच शेजारच्या खालांचा फोन. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. खाला घरबसल्या टॉवेलच्या कडा शिवतात, त्यांच्या मशिनचा आवाज दिवसभर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. "टीचर, जल्दी आओ, अम्मा न्हाणीत पडल्या," एवढंच त्या बोलल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर मोजकं बोलणारे. घरी सोडताना म्हणाले, "हाड आम्ही बसवलंय, ते आमचं काम. आता मांडीत ताकद आणणं तुमचं. दीड-दोन महिन्यांत उभ्या राहिल्या तर राहिल्या. नाहीतर या वयात माणूस अंथरुणातच राहतं, आणि मग फार दिवस राहत नाही." मग त्यांनी विचारलं, "जेवणात काय असतं? प्रथिनं भरपूर द्या. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी."

अंडं आमच्या घरात येत नाही, ते सोडा. पण बाकीची नावं मी मनात पुन्हा मोजली. डाळ, दूध, दही, शेंगदाणे. डॉक्टरांनी नेमकी तीच यादी वाचली होती जी अव्वानं वीस-बावीस वर्षांत एकेक करून ताटातून घालवली होती. माझ्यापायी.

ते सांगायला हवं. मी सव्वीस वर्षांची असताना पहिलं स्थळ आलं, चांगलं होतं. त्यांना मी नोकरी सोडायला हवी होती, मला ते नको होतं. मी नाही म्हणाले. अव्वा दुसऱ्या सकाळी उठून तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "डाळ सोडली मी. तुजं लगीन ठरल्याबिगर आमटी तोंडात घालणार न्हाय." मी हसले. मला वाटलं, महिनाभर टिकेल. एकतिसाव्या वर्षी दुसरं स्थळ आलं, या वेळी त्यांनीच नाही म्हटलं, मुलगी फार शिकलेली आहे म्हणून. त्या आठवड्यात दूध गेलं, दुधाबरोबर दही-ताक गेलं. छत्तिसाव्या वर्षी तिसरं मोडलं आणि शेंगा गेल्या. शेंगा! सोलापूरच्या बाईनं शेंगाची चटणी सोडायची म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. त्यानंतर स्थळंच आली नाहीत, म्हणून बरं, नाहीतर भाकरीही गेली असती.

माझं ताट रोज भरलेलं असायचं. आमटी, दही, चटणी, सगळं तीच वाढायची. तिच्या ताटात भाकरी, पालेभाजी, भात आणि चिंचेचं सार. आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. माझ्या मोडलेल्या लग्नांचा हिशोब रोज दोन वेळा माझ्यासमोर मांडलेला असायचा आणि मी तो बघत बघत आमटी ओरपायचे. सवय कशाचीही होते.

आता गंमत ऐका. मी शिकवते काय, तर पेशीशास्त्र. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी मी एक धडा रंगवून सांगते: पेशी वाढायचं कधी ठरवते. पेशीच्या आत एक प्रथिन आहे, त्याला एमटॉर म्हणतात. मी पोरांना सांगते, हा मुकादम समजा. यांच्यातल्या निम्म्यांचे आई-बाप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काम करतात, त्यांना मुकादम लगेच कळतो. मुकादम सकाळी येऊन आधी बघतो, सूत आलंय का? लाइट आहे का? बाहेरून मालाची मागणी आहे का? तिन्हीला हो असेल तरच माग सुरू. तसा हा एमटॉर बघतो. अमिनो आम्लं आली का, म्हणजे खाल्लेल्या प्रथिनांचे सुटे झालेले तुकडे. त्यातही ल्युसिन नावाच्या एका तुकड्यावर त्याची खास नजर. पेशीत ऊर्जा आहे का. रक्तातून इन्सुलिनचा निरोप आला का. सगळं जुळलं की तो हुकूम देतो आणि नवीन प्रथिनं विणायला सुरुवात होते. नाही जुळलं तर काम बंद. आणि नुसतं बंद नाही, मग पेशी स्वतःचेच भाग सोडवून, मोडून खायला लागते. तगून राहायला. इथं मी दरवर्षी एक क्षण थांबते, पोरं गप्प होतात, मला बरं वाटतं.

त्या वर्षी मी तो धडा शिकवला तेव्हा अव्वाला घरी आणून दहा दिवस झाले होते. "स्वतःचेच भाग मोडून खायला लागते" हे वाक्य तोंडातून निघालं आणि मी फळ्याकडे तोंड करून उगाच खडूचं टोक मोडत राहिले. सकाळी अव्वाला कूस बदलून देताना तिची मांडी माझ्या हातात आली होती. कातडी हाडावरून सरकत होती, मध्ये काहीच नसल्यासारखी.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, फिजिओथेरपिस्ट, माझीच जुनी विद्यार्थिनी. स्कूटीवरून उतरली की अव्वाला "आज्जी, आज काय करायचं?" असं विचारायची जसं काही पिक्चरला जायचंय. पाय उचला, टाच दाबा, गुडघा ताणा. "मॅडम, स्नायूला ताण दिला की तोपण निरोपच असतो ना वाढायचा," ती मला म्हणाली. "तुम्हीच शिकवलेलं. पण म्हाताऱ्या माणसात तो निरोप हळू ऐकू जातो, त्यामुळे खाणं जास्त लागतं, तरण्यांपेक्षा जास्त. आज्जी काय खातात?" मी म्हणाले, भाकरी. "आणि?" मी म्हणाले, भाजी. ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिला खरं सांगायची लाज वाटली. पेशीशास्त्राच्या बाईच्या घरात नवसापायी आई वाळत चाललीय, हे कुठल्या तोंडानं सांगू?

अव्वाला समजवायचं मी सगळं करून बघितलं. गोड बोलले, रागावले, रडले. डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाशी धरला. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ब्याडा." आमच्या घरात मराठी बोलतात, पण खरा नकार कन्नडमध्ये येतो. ब्याडा म्हणजे नको, आणि तो एकदा आला की विषय संपला.

"देव काय वहीत लिहून बसलाय का तुझं?" मी ओरडले एकदा.

"देवाचं मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "मी बोललेय न्हवं."

मग मी मूर्खपणा केला. मी ठरवलं, हिला न सांगता घालायचं. ज्वारीच्या पिठात सोयाबीनचं पीठ आणि दुधाची पावडर मिसळली. डब्यावर कागद चिकटवून किती ग्रॅम काय, ते लिहूनसुद्धा ठेवलं, प्रयोगशाळेत ठेवतात तसं. ज्वारीत प्रथिनं आहेत, नाही असं नाही, पण उणी असतात, आणि ती उणीव डाळ नाहीतर दूध भरून काढतं. म्हणून तर भाकरी-आमटीची जोडी. मी ती जोडी भाकरीच्या आत लपवली. दोन दिवस अव्वानं खाल्लं. मी खूष. व्यायामाच्या पोरीला म्हणाले, आता बघ.

तिसऱ्या दिवशी मी परातीत भाकरी थापत होते आणि आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. "पीठ बदललं व्हय गं?"

पाठमोरी होती ती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. बघितलं नव्हतं, चाखलं नव्हतं. नुसता थापण्याचा आवाज ऐकून तिला कळलं. पन्नास वर्षं भाकरी थापलेली बाई, तिला काय फसवणार मी? तरी मी निगरगट्टपणे म्हणाले, "नवीन दळण आहे."

"हिकडं आण."

मी भाकरी नेऊन दिली. कडेला चिरलेली, आणि तव्यावर लवकर तांबूस डाग पडलेले. तिनं तुकडा मोडून नाकाशी धरला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "दोन दिस घातलंस," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. आणि त्या दोन दिवसांचं म्हणून पुढचे दोन दिवस ती नुसत्या पाण्यावर राहिली.

त्यानंतर ती माझ्या हातची भाकरीच खाईना. जे मिसळता येत नाही, जे डोळ्यांना दिसतं, तेवढंच. भात आणि सार. साराच्या वाटीत आधी बोट बुडवून बघायची. माझी आई, माझ्या हातच्या वाटीत बोट घालून तपासायची! मला इतका संताप आला होता की मी न्हाणीत जाऊन नळ सोडून ओरडले, आणि मग पाणी वाया जातंय म्हणून नळ बंद करून ओरडले. तिच्यापेक्षा माझ्यावरच जास्त. एक सांधायला गेले आणि होतं तेही मोडून बसले.

पाचव्या आठवड्यात त्या मुलीनं तिला पहिल्यांदा उभं करायचं ठरवलं. एका बाजूला ती, एका बाजूला मी, पुढं वॉकर. "आज्जी, एक, दोन, तीन." अव्वानं दात आवळले, पाय जमिनीला लावले, आणि काहीच झालं नाही. अंग वर आलंच नाही. तीनदा केलं. तिसऱ्यांदा ती आमच्या हातांतून पलंगावर बसली आणि हसली, लाजल्यासारखी. मुलीनं खालांच्या शिलाईच्या टेपनं मांडी मोजली. पहिल्यापेक्षा चांगली दोन बोटं कमी. बाहेर अंगणात येऊन ती मला म्हणाली, "मॅडम, हाड जुळलंय. मांडीच उरली नाही. असंच गेलं तर मला बोलावून उपयोग नाही."

मी खरंच अडकले होते. बाहेर जावं तर घरात कोण? पंचविसाव्या वर्षी हैदराबादला पीएचडीची जागा मिळाली होती, ती सोडली, कारण बाबा वारले होते आणि अव्वा एकटी. तेव्हापासून कॉलेज ते घर, घर ते कॉलेज. आणि आता घरात ती पलंगात आणि मी पलंगाच्या कडेला. कॉलेजच्या वेळात खाला येऊन बसायच्या, शिवायचे टॉवेल मांडीवर घेऊन, म्हणून नोकरी तरी टिकली. एप्रिलचं ऊन असं की खिडक्या बंद ठेवायच्या, आत पंखा गरम वारा फिरवत राहायचा, आणि आम्ही दोघी त्यात. तिला मी सोडत नव्हते, मला ती.

एकदा मी कॉलेजातून आले तर खाला अव्वाला सांगत होत्या, "अम्मा, हमारे में कसम तुटली तो दस गरिबांना खाना खिलाते, नै जमा तो तीन रोजे रखते. हो गया. अल्ला इत्ता कडक नै."

"तुमच्यात बरं हाय," अव्वा म्हणाली. "आमच्यात घेणारा लागतो."

मी दारातच थांबले. "घेणारा म्हणजे?"

खाला उठून घरी गेल्या. मी अव्वाच्या मागेच लागले, सोडलंच नाही. शेवटी तुटक तुटक बोलली. तिच्या सासूचे सोमवार होते, कडक, आणि सासू म्हातारी झाल्यावर धरवेनात. तेव्हा अव्वानं तिच्या हातावरचं पाणी आपल्या हातावर घेतलं आणि सोमवार तिचे झाले. सासू त्या दिवसापासून सोमवारी जेवायला लागली. व्रत असो, नवस असो, घरातल्या बाईनं घेतला की देणारी सुटते.

"मग इतके दिवस का नाही बोललीस? मला दे!"

"ब्याडा."

"का पण?"

"तुज्यासाठी सोडलंय आनि तुज्याच ताटातनं काडू व्हय?" ती भिंतीकडे वळली. पण तिला नीट वळताही येत नव्हतं, अर्ध्यात अडकली, आणि मीच तिला पुढं ढकलून माझ्याकडे पाठ करून दिली.

चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी सकाळी लघवीचं भांडं द्यायला मला उशीर झाला. खालांनीही भिंतीपलीकडून हाक मारली होती, मी अंगणात मोबाइलवर बोलत होते. आत आले तर अंथरूण ओलं. अव्वा छताकडे बघत पडलेली, डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. मी चादर बदलली, तिला पुसलं, कोरडं नेसवलं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "तांब्या आन. हात दे."

तिनं माझ्या कपाळाला विभूती लावली. आपल्या ओंजळीत पाणी घेतलं, ओठ हलले, आणि ते पाणी माझ्या ओंजळीत सोडलं. "डाळ, दूद, शेंगा," ती मोठ्यानं म्हणाली. "घेतलंस?"

"घेतलं," मी म्हणाले. मला हसू येत होतं. मनात म्हणाले, कॉलेजच्या कॅन्टीनला कोण बघायला येतंय.

लगेच गॅसवर तुरीची डाळ चढवली. दूध तापवून आधी पेल्यात आणून दिलं. अव्वानं पेला दोन्ही हातांत धरला, वास घेतला, आणि एक घोट घेतला. मग सगळं एका दमात प्याली. वरच्या ओठावर साय लागली होती. मी तिला ते सांगितलं नाही, बघत बसले.

आता माझं सांगते. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दहीवडा घेतला. चमचा उचलला, आणि उचललेलाच राहिला. असं काही नाही, मी स्वतःला म्हणाले. तुझ्या दह्याचा आणि तिच्या मांडीचा संबंध काय? तिच्या पेशीतल्या मुकादमाला तुझ्या बशीत काय आहे ते दिसतं का? कुठल्या मार्गानं निरोप जाणार? मला सगळे मार्ग पाठ आहेत. त्यात हा नाही. पण त्याच सकाळी अव्वानं पहिल्यांदा टाच न दुखता दाबली होती. समजा मी खाल्लं आणि उद्या ती पडली तर? मी दहीवडा शेजारच्या मॅडमना दिला. पोट बरं नाही म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. श्रावणात कुणीतरी शेंगापोळ्या आणल्या, स्टाफरूमभर वास सुटला, मी पेपर तपासत बसले. चहा बिनदुधाचा. स्वयंपाक अंदाजानं. मला मिठाचा हात कधीच नव्हता. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटल्याशिवाय मी मीठ घालत नसे, आणि अव्वा त्यावरून मला "मांजर" म्हणायची. आता चाटायचं कसं? घालायचे अंदाजानं आणि वाढायचे. ताटात माझ्या भाकरी, पालेभाजी, भात, सार. समोर अव्वाच्या ताटात आमटी, दही, शेंगाची चटणी. ताटांची अदलाबदल झाली, एवढंच. मी घरातून बाहेर पडेन असं वाटलं होतं, आणि मी तर आणखी आत जाऊन बसले.

पण ती उठली. हे खोटं नाही. आधी आम्हा दोघींच्या हातांवर, मग वॉकरवर, मग पलंगापासून दारापर्यंत. दर आठवड्याला खालांची टेप मांडीभोवती जायची आणि ती मुलगी टाळ्या वाजवायची. तिच्यासाठी ते साधं होतं. खाणं आलं, ताण आला, मुकादम जागा झाला. मीही तेच म्हणायचे. दसऱ्याच्या आसपास अव्वा हात न टेकवता खुर्चीतून उठली. मुलगी म्हणाली, "आज्जी, परीक्षा पास."

आणि अंगात ताकद आल्यावर माझ्या आईनं पहिलं काय केलं असेल? स्थळ बघितलं!

"आता तर निकड हाय की," ती म्हणाली. "नवस तुज्याकडं हाय. तू किती दिस असं कोरडं खानार?" मी अठ्ठेचाळीस वर्षांची! पण खालांच्या फोनवरून वळसंगच्या नातेवाइकांना फोन गेले आणि एका रविवारी सकाळी मंद्रूपचे एक गृहस्थ येऊन बसले. विधुर, बँकेतून निवृत्त, सभ्य माणूस. अव्वा वॉकर बाजूला ठेवून त्यांच्यासमोर उठून उभी राहिली, दाखवायला. ते खरंच चकित झाले. "यांचं सगळं तुम्हीच केलंत?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. "बरं झालं," ते म्हणाले. "आमची आईपण तीन वर्षं अंथरुणालाच आहे. तुम्हाला सवय आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही."

मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. आत जाऊन आधी हसले, मग हसू थांबेना म्हणून तोंडात पदर कोंबला. बाहेर येऊन नाही म्हणाले. ते शांतपणे गेले, त्यांचा काही दोष नव्हता.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. अव्वा खुर्चीवर, टेबलाशी, मी समोर. तिनं भाकरी कुस्करली आणि विचारलं, "आता काय सोडनार?"

मला कळलंच नाही.

"मोडलं न्हवं स्थळ. दरटायमाला मी एक सोडायची. आता नवस तुजा हाय." तिचा आवाज बारीक झाला होता. टोमणा नव्हता तो. ती खरंच घाबरून विचारत होती.

माझं डोकं फिरलं. "भात," मी म्हणाले. "भात सोडला. खूष? पुढच्या वेळी भाजी सोडते, त्याच्या पुढच्या वेळी भाकरी. मग दोघी सुटू."

अव्वानं हातातला घास ताटात ठेवला. टेबलावर हात न टेकवता उठली. वॉकर भिंतीला लावलेला होता, तो घेतला नाही. ओट्यापर्यंत पाच पावलं आहेत. ती गेली, आमटीच्या पातेल्यात डाव बुडवला आणि भरलेला डाव घेऊन, एक हात भिंतीला घासत, सांडत सांडत परत आली. हातात काही घेऊन चालायचं नाही, असं त्या मुलीनं बजावून ठेवलं होतं. माझ्या भातावर तिनं आमटी ओतली.

"जेव," ती म्हणाली. "काय यायचं ते माज्यावर यिऊ दे."

ज्या बाईनं आपले पाय गेले तरी शब्द मोडला नाही, तिनं तो माझ्या भातासाठी मोडला. आणि मला जेवता येईना. खरं सांगते, मला भीती वाटली. मी इतक्या पोरांना पेशी शिकवल्या, आणि माझा हात उठेना. मी खाल्लं आणि तिचे पाय परत गेले तर? "अव्वा, तू बस आधी," मी म्हणाले.

"तू जेवल्याबिगर बसनार न्हाय."

ती उभी होती, कशाचाही आधार न घेता, डाव हातात. लुगड्याच्या आत तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. इतक्या महिन्यांनी मिळवलेलं सगळं त्या दोन मांड्यांत होतं आणि ती ते माझ्यासमोर उभं राहून संपवत होती. मी घाईघाईनं घास कालवला आणि तोंडात घातला.

घास गिळवेना. आमटी चांगलीच खारट होती. नुसतं मीठ.

"अव्वा, खारट आहे गं ही."

"लई दिसापासनं," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली.